‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ खरंच भव्य वाटते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला अधूनमधून जमून आम्ही काही जण विज्ञानकथांवरच्या मालिका एकत्र पाहतो आणि मग चहावर त्यांचा कीस काढतो. ‘व्हॉयेजर’ लावल्यापासून गटाबाहेरच्यांचेही मेसेज येऊ लागले. प्रश्न बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. पहिले पाच प्रश्न मालिका न पाहिलेल्यांसाठी आहेत. सहाव्यापासून पुढे कथानक उघड होतं, शेवटासकट.

१. ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे? मी स्टार ट्रेकमधलं काहीच पाहिलेलं नाही.

काही अडत नाही. व्हॉयेजर हे पृथ्वीच्या बाजूचं एक नवंकोरं तारकायान. फरारी बंडखोरांच्या एका छोट्या जहाजाचा माग काढत असताना एक अज्ञात शक्ती या दोन्ही जहाजांना आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला, डेल्टा क्वाड्रंटमध्ये, खेचून नेते. त्या धक्क्यात यानावरचे कित्येक जण मरतात. परत पाठवू शकेल असं यंत्र समोर असतं, पण ते चुकीच्या हाती पडलं तर केस नावाच्या मुलीच्या अख्ख्या जमातीचा संहार होणार असतो. कॅप्टन कॅथरिन जेनवे ते यंत्र नष्ट करते. उरलेले सैनिक आणि बंडखोर एकाच जहाजावर येतात. घर ७०,००० प्रकाशवर्षं दूर आणि कमाल वेगानेही वाट ७५ वर्षांची.

१६ जानेवारी १९९५ रोजी अमेरिकेत यूपीएन ही वाहिनी सुरू झाली ती याच मालिकेने. मे २००१ मध्ये मालिका संपली. सात सीझन, १७२ भाग. रिक बर्मन, मायकेल पिलर आणि जेरी टेलर हे तिचे निर्माते-लेखक. जेनवेची भूमिका केट मलग्रू यांनी केली. स्टार ट्रेकच्या मालिकेत मुख्य कॅप्टन स्त्री असण्याची ती पहिलीच वेळ.

२. आढेवेढे न घेता सांगा, भव्य वाटते की नाही?

काही भागांत वाटते, आणि तेव्हा अंगावर काटा येतो. सलग सात सीझन मात्र वाटत नाही.

माझं म्हणणं असं आहे की या मालिकेची भव्यता अंतरात नाही, जहाजाच्या आकारात नाही आणि लढायांतही नाही. ती आठवणीत आहे. काय गमावलं, कोण गेलं, कुठला निर्णय कुणाला भोवला हे मालिका जेव्हा लक्षात ठेवते, तेव्हा ती महागाथा होते. पुढच्या आठवड्यात सगळं विसरून नवा खेळ मांडते, तेव्हा ती नेटकी साप्ताहिक साहसकथा असते, त्यापलीकडे काही नाही. खालची बहुतेक उत्तरं या एकाच मुद्द्यावर उभी आहेत. त्याला छेद देणारा भाग प्रश्न १८ मध्ये आहे.

३. ७०,००० प्रकाशवर्षं हा आकडा ऐकून मनात काहीच उमटत नाही. म्हणजे किती?

एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं मानतात. म्हणजे हे लोक आकाशगंगेच्या जवळजवळ पाऊण रुंदीइतके लांब फेकले गेले आहेत. नासाचं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललं आहे. त्या वेगाने एक प्रकाशवर्ष कापायला साडेसतरा हजारांहून जास्त वर्षं लागतात, आणि ७०,००० प्रकाशवर्षांना १२० कोटींहून अधिक. कथेतलं जहाज तेच अंतर ७५ वर्षांत कापणार, म्हणजे प्रकाशाच्या नऊशेपटीहून जास्त वेगाने.

आकडे एवढेच पुरे, कारण मनाला भिडणारा आकडा ७०,००० नसून ७५ आहे. निघताना तिशीत असलेला माणूस पोचेपर्यंत बहुधा जिवंत नसेल. पोचतील ती वाटेत जन्मलेली मुलं, ज्यांनी पृथ्वी पाहिलेलीच नाही. सुरुवातीच्या भागांत ही जाणीव स्पष्ट आहे. यानावर जन्मलेली नेओमी वाइल्डमन ही चिमुरडी हळूहळू मोठी होताना दिसते, तेव्हा ती पुन्हा जागी होते. मुलांना आकाशगंगेचा आवाका दाखवायचा असेल तर आधी वरळीच्या नेहरू तारांगणात एक खेळ दाखवून आणा. आमच्या गटातल्या दोन कुटुंबांनी तसं केलं आणि मुलांनी पहिला भाग एकदम वेगळ्या डोळ्यांनी पाहिला.

४. नासाचं व्हॉयेजर आणि हे व्हॉयेजर एकच का?

नाही, फक्त नाव सारखं आहे. नासाची दोन व्हॉयेजर यानं १९७७ मध्ये निघाली. त्यांच्यात माणसं नाहीत आणि त्यांना परत यायचं नाही. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, तारकांमधल्या अवकाशात शिरलं.

आपल्या दृष्टीने मात्र त्यात एक फार मोलाची गोष्ट आहे. त्या यानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठी आहे. त्याच तबकडीत केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. मुंबईत मैफली गाजवणाऱ्या केसरबाई १९७७ च्या सप्टेंबरातच गेल्या, व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर काही दिवसांनी. मालिका पाहायला बसण्याआधी ती भैरवी एकदा ऐकाच. परतीची वाट नसलेला प्रवास म्हणजे काय, हे त्या तीन-साडेतीन मिनिटांत जितकं कळतं तितकं मालिकेच्या काही अख्ख्या सीझनमध्ये कळत नाही.

५. बोरिवली ते चर्चगेट रोजचा प्रवास आहे. मोबाईलवर पाहिली तर चालेल का?

एक भाग साधारण पाऊण तासाचा आहे, त्यामुळे वेळ अगदी बसते. संवादांवर चालणारे भाग कानात हेडफोन घालून छान पाहता येतात. पण पहिला भाग ‘केअरटेकर’ आणि पाचव्या सीझनमधला ‘टाइमलेस’ घरी मोठ्या पडद्यासाठी राखून ठेवा. ‘टाइमलेस’च्या सुरुवातीला दोन माणसं बर्फाच्या पठारावरून चालत येतात आणि कॅमेरा वर गेल्यावर कळतं की त्यांच्या पायाखाली बर्फात अख्खं व्हॉयेजर गाडलं गेलेलं आहे. गर्दीत, तळहाताएवढ्या पडद्यावर त्या दृश्याचं पार मातेरं होतं.

शीर्षकसंगीत कधीही ढकलून पुढे जाऊ नका. जेरी गोल्डस्मिथ यांच्या त्या रचनेला एमी पुरस्कार मिळाला होता. घाई नाही, रणवाद्यांचा कडकडाट नाही, लांबच्या वाटेला लागल्यासारखी संथ चाल आहे. खरं तर मालिकेने काय व्हायचं ठरवलं होतं, ते या संगीतात पूर्ण उतरलं आहे.

६. इतके मार खाऊन जहाज दर आठवड्याला चकाचक कसं होतं?

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि ती रास्त आहे. पहिल्या सीझनमध्ये स्पष्ट सांगितलं जातं की जहाजावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि ते संपले की नवे मिळणार नाहीत. त्या क्षणी प्रेक्षक कान टवकारून बसतो. यापुढे प्रत्येक टॉर्पेडो मोजून सुटणार, हे वचनच आहे ते. पुढे मात्र मालिका हे वचन सोडून देते. टॉर्पेडो हवे तेवढे सुटतात आणि नष्ट झालेल्या छोट्या शटलांच्या जागी नवी शटलं हजर होतात. अन्नाची रेशनिंग, यानाचा आचारी नीलिक्स याने कॅप्टनच्या खासगी जेवणघरात थाटलेलं स्वयंपाकघर, यानावर पिकवलेल्या भाज्या हे तपशील सुरुवातीला किती जिवंत होते! नंतर ते निव्वळ सजावट होऊन बसतात.

यात लेखकांची सरसकट चूक नव्हती. त्या काळी वाहिन्यांना असे भाग हवे असत की जे पुनःप्रक्षेपणात कुठल्याही क्रमाने लावले तरी चालतील. तुटलेलं जहाज तुटलेलंच ठेवलं, तर क्रम पाळावा लागतो. रोनाल्ड मूर हे लेखक सहाव्या सीझनमध्ये थोडा काळ इथे आले, लवकरच बाहेर पडले आणि नेमकी हीच टीका त्यांनी जाहीरपणे केली. पुढे त्यांनी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली. तिथे किती माणसं जिवंत उरली हा आकडा शीर्षकाबरोबर दिसतो. व्हॉयेजरमध्ये काय राहून गेलं, ते त्या आकड्याकडे पाहून समजतं.

७. पण प्रत्येक भाग सुटा असेल तर महागाथा होणारच कशी?

होऊ शकते, आणि याचं उत्तर आपल्या घरात आहे. महाभारतातलं वनपर्व काढून पाहा. पांडव रानात अडकले आहेत, बारा वर्षं घालवायची आहेत, कथानक जवळजवळ थांबलं आहे. ऋषी येतात आणि गोष्टी सांगतात. नल-दमयंती, सावित्री, ऋष्यशृंग, एकामागून एक सुट्या कथा, ज्यांचा कौरवांशी काहीही संबंध नाही. तरी ते पर्व महाकाव्याचा गाभा वाटतं, कारण त्या गोष्टी ऐकणारी माणसं काहीच विसरलेली नसतात. द्रौपदी सभेतला अपमान विसरत नाही, ती युधिष्ठिराला धारेवर धरते. भीम चिडलेला आहे तो चिडलेलाच राहतो. बाहेरची कथा सुटी असते, आतली जखम मात्र सलग असते.

म्हणून ‘सुटे भाग आहेत म्हणून भव्य नाही’ हे मला पटत नाही. व्हॉयेजरचं दुखणं सुटेपणाचं नाही, विसराचं आहे. जेनवेने परतीचं यंत्र नष्ट केलं, हा या मालिकेतला द्यूताचा डाव आहे. दर काही भागांनी कुणीतरी तिला त्याचा जाब विचारायला हवा होता. (तो विचारला जातो ते मोजके प्रसंग प्रश्न १२ मध्ये आहेत.)

८. सैनिक आणि बंडखोर एवढ्या पटकन एक कसे होतात?

पहिल्या काही भागांत धुसफूस आहे, पुढे सगळे एकाच गणवेशात हसतखेळत काम करू लागतात. काही जण म्हणतात की संकटात माणसं एक होतातच, त्यात न पटण्यासारखं काय? मुंबईकराला हे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अनोळखी लोकांनी एकमेकांना घरात घेतलं, रात्रभर बिस्किटं आणि चहा पुरवला. ते खरंच घडलं. पण पाणी ओसरल्यावर पार्किंगची, पाण्याच्या टाकीची, मेंटेनन्सची भांडणं त्याच इमारतींत पुन्हा सुरू झाली, हेही खरंच आहे. मालिकेने त्या रात्रीची माणुसकी दाखवली, नंतरची भांडणं टाळली. पंच्याहत्तर वर्षं एका जहाजावर काढायची असतील तर महत्त्वाची गोष्ट ती नंतरचीच आहे.

९. ‘इयर ऑफ हेल’ दोन्ही भाग पाहिले. शेवटी सगळं पुसलंच जातं, मग इतकं सोसलेलं वाया गेलं का?

चौथ्या सीझनमधले हे दोन भाग म्हणजे मालिका काय होऊ शकली असती, त्याचा नमुना. ॲनोरॅक्स नावाचा शास्त्रज्ञ काळाला वळवणाऱ्या जहाजातून अख्ख्या जमाती इतिहासातून पुसतो आहे, कारण आधीच्या अशाच एका प्रयोगात त्याची बायको पुसली गेली आणि तिला परत आणायचं आहे. इकडे व्हॉयेजरची चाळण झाली आहे, मजले उघडे पडले आहेत, यानाचा सुरक्षा अधिकारी टूव्हॉक आंधळा झाला आहे, जेनवेचा चेहरा भाजला आहे. शेवटी ती उरलंसुरलं जहाज ॲनोरॅक्सच्या जहाजावर घालते. काळ मूळपदावर येतो आणि कुणालाच काही आठवत नाही.

या शेवटाने कित्येकांचा विरस होतो. माझं मत थोडं निराळं आहे. इथे पुसलं जाणं हाच कथेचा विषय आहे, पळवाट नाही. काळ खोडत राहणाऱ्या माणसाला त्याच्याच शस्त्राने मिटवणं, यात न्याय आहे. आणि शेवटच्या दृश्यात तो आपल्या घरी बसला आहे, बायको शेजारी आहे, समोर पुन्हा तीच गणितं. त्याला काहीच आठवत नाही म्हणून तो तीच चूक करणार, ही भीती मनात रेंगाळते. राग येतो तो इतर भागांतल्या पुसापुशीचा, जिथे तिला असं काही कारण नसतं.

१०. बोर्ग येतात, मोठ्या लढाया होतात, तेव्हा तरी भव्य वाटत नाही का?

डोळ्यांना वाटतं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी बोर्ग, म्हणजे माणसांना पकडून आपल्यासारखं अर्धयंत्र बनवणारी जमात, पहिल्यांदा ताकदीने येतात आणि त्यांनाही भारी पडणारी जमात समोर उभी राहते, तो धक्का जबर आहे. पण नंतर बोर्ग वारंवार येतात आणि एकटं जहाज त्यांच्या तावडीतून दर वेळी सुटतं. शत्रू जितक्या वेळा हरतो, तितका तो लहान होतो.

बोर्गमुळे मालिकेला मिळालेली खरी मोठी गोष्ट म्हणजे सेव्हन ऑफ नाइन. लहानपणीच बोर्गने गिळलेली, माणूस असणं विसरलेली बाई. जेरी रायन यांनी तिला हळूहळू, एकेक पाऊल टाकत माणसांत आणलं. तिच्या बाबतीत मालिका जवळजवळ काहीच विसरली नाही.

११. एकच भाग पाहायला वेळ आहे. सर्वांत भव्य कोणता?

सहाव्या सीझनमधला ‘ब्लिंक ऑफ ॲन आय’.

व्हॉयेजर एका ग्रहाच्या कक्षेत अडकतं. त्या ग्रहावर काळ प्रचंड वेगाने धावतो. जहाजावर एक सेकंद जातो तेव्हा खाली जवळजवळ एक दिवस उलटतो. खालच्या लोकांना आकाशात एक नवा तारा दिसू लागतो, जो हलत नाही. त्याच्यामुळे जमीन हादरते, म्हणून ते त्याला देव मानून नैवेद्य ठेवतात. पुढे त्याच ताऱ्यावर गाणी होतात, खेळणी होतात, दुर्बिणी रोखल्या जातात, रेडिओवरून त्याला संदेश धाडले जातात. शतकं लोटतात आणि वर यानावर अजून तीच पाळी चालू असते. अखेरीस खालच्यांचा एक अंतराळवीर जहाजात पाऊल ठेवतो आणि आपल्या देवघरातल्या, गोष्टीतल्या, बालगीतांतल्या त्या ताऱ्यावरच्या माणसांना भेटतो. तोवर त्याच्या ओळखीची माणसं खाली म्हातारी होऊ लागलेली असतात.

एकही मोठी लढाई नाही. पण एक संस्कृती पाऊण तासात जन्मते, वाढते आणि तुमच्यापर्यंत येऊन पोचते. अडकलेलं जहाज म्हणजे फक्त आपली अडचण नसते, ते दुसऱ्या कुणाचा तरी अख्खा इतिहास घडवत असतं, हा विचार या मालिकेत जेवढा खोल गेला तेवढा इतरत्र मी पाहिलेला नाही.

दुसरा भाग पाहणार असाल तर ‘लिव्हिंग विटनेस’ पाहा. सातशे वर्षांनंतरच्या एका संग्रहालयात व्हॉयेजरच्या लोकांना क्रूर हल्लेखोर म्हणून दाखवलं जातं, आणि तिथे जागा झालेला यानाचा डॉक्टर, जो माणूस नसून संगणकाने घडवलेली प्रतिमा आहे, एकटा उभा राहून खरं काय ते सांगू पाहतो. टूव्हॉकची भूमिका करणारे टिम रस यांनीच हा भाग दिग्दर्शित केला आहे.

१२. घराची ओढ खरोखर जाणवते का, की ती फक्त संवादांत आहे?

पुष्कळदा फक्त संवादांत. पण चार ठिकाणी ती थेट काळजाला हात घालते.

पहिल्या सीझनच्या ‘आय ऑफ द नीडल’मध्ये एका सूक्ष्म विवरातून पलीकडच्या रोम्युलन या परग्रही जमातीतल्या एका शास्त्रज्ञाशी संपर्क होतो. तो वीस वर्षं आधीच्या काळात आहे. सगळे आपापल्या घरची पत्रं त्याच्याकडे सोपवतात. मग कळतं की ती पोचवायची वेळ येण्याच्या चार वर्षं आधीच तो मरण पावला. पत्रं पोचली की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात माणसांची भरभराटीची वस्ती सापडते. ज्यांना राहायचं असेल त्यांनी ठरल्या वेळी मालकक्षात जमावं, असं सांगितलं जातं. जेनवे धास्तावलेल्या मनाने दार उघडते आणि आत कुणीच नसतं.

चौथ्या सीझनच्या ‘हंटर्स’मध्ये घरची पहिली पत्रं येतात. माझ्या मते संपूर्ण मालिकेचा हा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. टूव्हॉकला कळतं की तो आजोबा झाला. जेनवेला तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं पत्र मिळतं की ती मेली असं समजून त्याने दुसरीशी लग्न केलं. बंडखोरांचा नेता असलेल्या चाकोटेला कळतं की त्याचे बंडखोर साथी जवळजवळ सगळे मारले गेले, उरलेले तुरुंगात आहेत. म्हणजे हे लोक ज्या घराकडे निघाले आहेत, ते घर तिथे राहिलेलंच नाही.

आणि पाचव्या सीझनचा पहिला भाग ‘नाइट’. एकही तारा नसलेला, पार करायला दोन वर्षं लागतील असा काळोखाचा पट्टा. करायला काहीच नसतं म्हणून जेनवे खोलीत स्वतःला कोंडून घेते आणि पहिल्या भागातल्या त्या निर्णयाचा जाब स्वतःलाच विचारते. प्रश्न ७ मध्ये म्हटलेली सलग जखम ती हीच. दुर्दैवाने भागाच्या शेवटी पट्टा झटपट पार होतो. निदान अर्धा सीझन त्या काळोखात जायला हवा होता.

१३. यानावरचा तरुण अधिकारी हॅरी किम याला सात वर्षांत एकही बढती नाही, हे कसं?

कथेत याचं धड कारण मिळत नाही. यानचालक टॉम पॅरिसचा हुद्दा काढला जातो, परत दिला जातो, आणि हॅरी होता तिथेच राहतो. प्रश्न ६ मधलाच आजार.

१४. माझा मित्र म्हणतो, अडकलेल्या जहाजाची खरी भव्य मालिका ‘स्टारगेट युनिव्हर्स’ आहे. तुमचं मत?

मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. २००९ ते २०११ मधल्या त्या मालिकेत ‘डेस्टिनी’ नावाच्या अतिप्राचीन जहाजावर काही जण अडकतात. जहाज त्यांच्या ताब्यात नाही, ते आपल्या वाटेने चाललेलं आहे. सुरुवातीच्या भागांची नावंच हवा, अंधार, प्रकाश, पाणी अशी आहेत, आणि प्रत्येकात ती एकच गोष्ट मिळवण्यासाठी झगडा आहे. इथे टंचाई खरी वाटते. माणसंही पटकन एक होत नाहीत.

उणीव अशी की त्यांच्याकडे असे दगड आहेत ज्यांच्या मदतीने पृथ्वीवरच्या माणसाच्या देहात शिरून घरच्यांना भेटता येतं. त्यामुळे दुरावा पातळ होतो. शिवाय दोन सीझनांत, ४० भागांनंतर मालिका अर्ध्यावर बंद पडली. तरी तिचा शेवट, सगळे दीर्घ निद्रेत आणि एकटा तरुण जागा, व्हॉयेजरच्या शेवटापेक्षा जास्त रेंगाळतो.

१५. मराठी विज्ञानकथा वाचत वाढलेल्यांनी ही मालिका कशी पाहावी?

कथासंग्रहासारखी. आपल्याकडची विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांत आणि मासिकांत, लघुकथा म्हणून वाढली. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला तिच्या वाढीत मोठं स्थान आहे. जयंत नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना १९७४ मध्ये त्यांनी याच स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एक कल्पना घ्यायची, ती तिच्या टोकापर्यंत न्यायची, पंधरा पानांत वाचकाला हलवून सोडायचं, ही आपली सवय आहे. व्हॉयेजरचे उत्तम भाग नेमके तसेच बांधलेले आहेत. कादंबरी समजून बसलात तर चिडचिड होईल. संग्रह समजून निवडक भाग पाहिलेत तर खूप काही हाती लागेल, आणि मग सलग पाहावीशी वाटली तर जरूर पाहा.

१६. आईला इंग्रजी संवाद झेपत नाहीत. तिच्याबरोबर पाहता येईल का?

येईल. ‘हंटर्स’ आणि ‘टाइमलेस’ थांबवत थांबवत, मध्ये मराठीत सांगत दाखवा. तांत्रिक बडबड सांगायची गरज नाही. घरच्या पत्रांचा प्रसंग आमच्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना न सांगताही कळला.

१७. शेवट घाईत उरकला असं का वाटतं?

कारण तो उरकलाच आहे. ‘एंडगेम’ सुरू होतो तेव्हा जहाजाला परत येऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्या वेळच्या हिशोबात परतायला २३ वर्षं लागलेली असतात, वाटेत सेव्हन मेलेली आहे, टूव्हॉकचं मन हरवलं आहे. म्हाताऱ्या जेनवेला हे सोसवत नाही. ती भूतकाळात जाते आणि आपल्या जहाजाला सात वर्षांतच घरी आणते. कल्पना दमदार आहे, कारण इथे जेनवेचा पहिला निर्णय तीच उलटवू पाहते. पण जहाज पृथ्वीजवळ येतं आणि पडदा पडतो. कुणी दार उघडत नाही, कुणाला मुलगा ओळखत नाही, बंडखोरांचं पुढे काय झालं कळत नाही. सात वर्षं घर घर म्हणत घर दाखवायचंच नाही, हे मला फार लागलं.

त्याच सीझनमधला ‘फ्रेंडशिप वन’ पाहा. जो कॅरी हा पहिल्या सीझनपासूनचा अभियंता, घरी बायको आणि मुलं. फावल्या वेळात तो बाटलीत व्हॉयेजरची छोटी प्रतिकृती बांधत असतो. घर हाकेच्या अंतरावर आलेलं असताना तो मारला जातो आणि प्रतिकृती अपुरी राहते. शेवटच्या भागात त्याच्या बायकोच्या दारात जेनवे उभी आहे एवढा एक प्रसंग असता, तरी भव्यतेचं पारडं जड झालं असतं.

१८. तुम्ही सगळं आठवणीवर तोलता. मग ‘कोर्स : ऑब्लिव्हियन’चं काय? तिथे तर कुणालाच काही आठवत नाही, तरी तो भाग हादरवतो.

हा सर्वांत अवघड अपवाद आहे आणि तो काढणाऱ्यांनी मालिका नीट पाहिली आहे. चौथ्या सीझनच्या ‘डीमन’ भागात एका ग्रहावरचा जिवंत द्रव जहाजावरच्या लोकांच्या हुबेहूब प्रती तयार करतो. पाचव्या सीझनच्या या भागात आपण टॉम आणि यानाची मुख्य अभियंता बेलाना यांचं लग्न पाहतो आणि मग माणसं व जहाज दोन्ही विरघळू लागतात. हे सगळे त्या प्रतीच आहेत आणि आपण खरे नाही हे ते विसरून गेले आहेत. एकेक जण मरतो. आपण जगलो याची खूण उरावी म्हणून ते एक संदेशपेटी बनवू पाहतात, तीही तुटते. खरं व्हॉयेजर मदतीची हाक ऐकून तिथे पोचतं तेव्हा उरलेला असतो फक्त द्रवाचा ढिगारा. नोंद होते आणि जहाज पुढे निघतं.

इथे कथेतल्या कुणालाच आठवत नाही, पण प्रेक्षकाला सगळं आठवतं, आणि ते आठवणारे आपण एकटेच आहोत हे लक्षात येतं. ‘इयर ऑफ हेल’मध्ये पुसलेली माणसं निदान परत मिळतात, इथे कुणीच मिळत नाही. त्यामुळे प्रश्न २ मधलं माझं विधान मी थोडं रुंद करतो: आठवण पात्रांनीच ठेवायला हवी असं नाही, पण ती कुणावर तरी सोपवलेली असली पाहिजे. या भागाने ती जाणूनबुजून आपल्यावर सोपवली. इतर कित्येक भागांनी ती कुणावरच सोपवली नाही. पाहणार असाल तर आधी ‘डीमन’ बघा, नाहीतर शेवटची पंधरा मिनिटं नुसता गोंधळ वाटेल.